चोवीस व्होल्टच्या कापगते मॅडम

कापगते मॅडमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले. एकाने त्यांना शांत स्वभावाच्या म्हटलं, दुसऱ्याने मितभाषी, आणि आयटीआयच्या एका माजी प्राचार्यांनी तर "मॅडमना गर्व म्हणून शिवला नव्हता" असं ठणकावून सांगितलं. मी मागच्या रांगेत होतो. हसू आवरावं म्हणून रुमाल तोंडाला लावला, तर शेजारच्या गृहस्थांना वाटलं मला भरून आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. तसं भरूनही आलं होतं, नाही असं नाही. पण मॅडम तिथे असत्या तर उभं राहून म्हणाल्या असत्या, "गर्व काऊन नसावा जी? काम येते तर गर्व बी येते."

अर्जुनी मोरगावात आमची दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवत. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, मॅडम सोलरमध्ये गेल्या. जंगलाकडच्या टोल्यांवर, म्हणजे चार-दोन घरांच्या वस्त्यांवर, वादळात झाड पडलं की लाइन गेलीच. ती कधी येईल ते देवालाही विचारता येत नाही. मग लोक छोटा सोलर संच घ्यायचे, आणि घेण्याआधी मॅडमकडे यायचे. जे आधी यायचे नाहीत ते नंतर यायचे. नंतर येणाऱ्यांना मॅडम आधी अर्धा तास बोलून घेत आणि मग पक्कड उचलत.

ठेंगणा बांधा, कांजी केलेली सुती साडी, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. पर्समध्ये सुपारीची डबी आणि त्या डबीला चिकटून व्होल्ट-करंट मोजायचा मीटर. देवळात गेल्या तरी मीटर सोबत. घरी पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला स्विचबोर्ड दाखवत. बोर्डाचं झाकण उघडून आतल्या वायरी कशा एका रेषेत वळल्या आहेत ते पाहुण्याने पाहायचं आणि "वा" म्हणायचं. नुसतं "छान" म्हटलेलं चालत नसे. माझ्या सासऱ्यांनी एकदा "छान" म्हटलं होतं. मॅडमनी त्यांना दुसऱ्या खोलीतला बोर्डही दाखवला.

वायरीचा जोड त्यांना कुणाचाही, कुठेही दिसला की त्या तो ओढून पाहत. "नातं आन् जोड वढून पाहाव, मंग भरवसा ठेवाव," हे त्यांचं ब्रीद. चिकटपट्टीला त्या चिंधी म्हणत. "चिंधी जखमेले बांधतेत. माह्या वायरीले जखमच नाही होत." या सवयीपायी सख्ख्या भाचीच्या लग्नात त्यांनी मांडवातली एक वायर ओढली आणि ऐन मंगलाष्टकांत सगळा मांडव अंधारात गेला. नवरीच्या बापाने डोक्याला हात लावला. मॅडम त्या अंधारात शांतपणे म्हणाल्या, "पाहा. मी म्हणत होती ना." मोबाइलच्या उजेडात त्यांनी सगळ्यांना तो जोड दाखवला. करपून काळा झालेला होता आणि झालरीच्या कापडाला टेकलेला होता. अर्ध्या घटकेत त्यांनी नवा जोड केला, दिवे लागले, नवरा-नवरीवर अक्षता पडल्या. दुसऱ्या कुणी इथे विषय संपवला असता. मॅडम पंगतीत प्रत्येक पानापाशी थांबून सांगत होत्या की आज मांडव पेटला असता, आपण होतो म्हणून वाचला. नवरीच्या बापाने शेवटी हात जोडून आभार मानले तेव्हाच त्या जेवायला बसल्या.

त्या कोहळी, म्हणजे आमच्या मुलखात ज्यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले त्या समाजातल्या. याचाही त्यांना भारी अभिमान. वीज समजावून सांगताना त्या पुस्तकातला एक शब्द वापरत नसत, थेट तलावावर जाऊन उभ्या राहत. "व्होल्ट म्हणजे तलाव किती उंच. करंट म्हणजे पाणी किती चाललं. वायर म्हणजे पाट. तलाव उथळ, पाट अरुंद आन् शेत लांब असन, तर शेवटच्या बांधीत काय पोचन? चिखल." मग ऐकणारा धानवाला शेतकरी मान डोलावत असे, कारण शेवटच्या बांधीचं, पाटाच्या टोकाला असलेल्या धानाच्या खाचराचं, दुःख इथे सगळ्यांना पाठ असतं.

दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, बल्ब किती, पंखे किती. मॅडमचा पहिला प्रश्न वेगळा असे. "तुह्या घरापासून ऊन किती लांब हाये?" ऐकणारा आधी वर पाही. मग मॅडम समजावत, की पॅनल जिथे उन्हात बसेल तिथून बॅटरीपर्यंत वायर किती लांब जाणार, ते सांग. त्यावर बारा व्होल्ट की चोवीस ते ठरणार. तितकंच काम बारा व्होल्टवर करायचं तर दुप्पट करंट वाहतो, आणि लांबच्या बारीक वायरीत तो वाटेतच खर्ची पडतो. चोवीसवर करंट निम्मा, नासाडी कमी. वायर मात्र जाड हवीच आणि बॅटरीला लागून फ्यूज हवाच. "फ्यूज नाही लावला तं बॅटरीजवळ झोपू नोको," असं त्या बजावत.

त्यांना लोक गमतीने चोवीस व्होल्टच्या मॅडम म्हणत, पण त्या आंधळेपणाने चोवीसच्या मागे नव्हत्या. माझ्या घरी संच बसवायचा ठरला तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "आपल्यालाही चोवीसच करा, मॅडम." त्यांनी माझं घर नजरेने मोजलं. पॅनल स्लॅबवर, बॅटरी बरोबर त्याच्या खाली, दोन बल्ब आणि एक पंखा. "तुम्हाले बाराच पुरे, सर. तुमची गरजही लहान, आन् ऊनही डोक्यावरच." माझी बायको पदराआड हसली. ती आजही मला अधूनमधून बारा व्होल्ट म्हणते.

आता रामकलाचं सांगतो. नवेगावच्या जंगलाला लागून एक टोला आहे, तिथे रामकला मडावी एकटी राहायची. शिवणकाम करायची. आसपासच्या चार-पाच गावांच्या बाया तिच्याकडे ब्लाउज टाकत, माझी बायकोही त्यांतलीच. एका पावसाळ्यात रामकला बांधावरून घसरली आणि उजवा गुडघा कायमचा गेला. पायाने मशीन चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मशीनला मोटर लावता येते, पण टोल्यावर लाइनचा भरवसा नाही. देवरीकडे राहणारा तिचा भाऊ धनलाल म्हणाला, बाई, मशीन विकू आणि तू माझ्या घरी चल. भाऊ मायाळू होता, भावजयही वाईट नव्हती. तरी रामकला माझ्या बायकोला म्हणाली, "भावाच्या घरी मी सणाले गेली तं बहीण. रोजची राहिली तं कोण?"

बायकोने हे भिंतीवरून मॅडमना सांगितलं आणि मॅडम दुसऱ्याच दिवशी टोल्यावर हजर झाल्या. घर मोहाच्या दोन झाडांखाली आणि एका जुनाट आंब्याच्या सावलीत. छपरावर ऊन पडतच नव्हतं. कुणीतरी सुचवलं, मोह तोडा. रामकलाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुढे काही सुचवलं नाही. "मोह तोडून उजेड आणते का कोणी?" ती म्हणाली. मॅडमना ते फार आवडलं. घरापासून बऱ्याच अंतरावर, झाडांच्या पलीकडे एक उघडा माळ होता. पॅनल तिथे बसवायचे, बॅटऱ्या घरात, मधे लांब वायर. म्हणजे चोवीस व्होल्टच. दोन पॅनल, दोन बॅटऱ्या, चोवीसचा इन्व्हर्टर, जाड वायर. धनलालने सामान आणायचं आणि मॅडमनी जोडायचं, असं ठरलं.

नेमकं तेव्हाच मॅडमना रायपूरला लेकीकडे जावं लागलं. तिचं ऑपरेशन होतं. इकडे अकती, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली, लग्नसराई सुरू, रामकलाकडे कापडांचा ढीग. धनलाल थांबायला तयार नव्हता. त्याने फोन लावला आणि मॅडमनी रायपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून घाईघाईत सांगितलं, "सोपं हाये रे. दोन्ही बॅटऱ्याईची जोडी लाव. पॅनलचीही जोडी लाव. मंग इन्व्हर्टर."

धनलालने जोडी लावली. तो शंकरपटाचा नादी माणूस. आमच्याकडे हिवाळ्यात बैलांच्या शर्यतीचे पट भरतात, आणि तिथे जोडी म्हणजे एकच गोष्ट: एका जुवाखाली खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोन बैल. त्याने दोन बॅटऱ्या शेजारी ठेवल्या, लालला लाल जोडला, काळ्याला काळा. पॅनलचंही तसंच केलं. वरून दोन्ही बॅटऱ्यांना हळदकुंकू लावलं. अशा जोडणीत दोघांचा जोर एकत्र होतो पण उंची वाढत नाही. तलाव बाराचा बाराच राहतो. चोवीसचा इन्व्हर्टर सुरूच होईना, नुसता टी टी करत राहिला. धनलालने तो दुकानात नेला. दुकानदाराने दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, तुमचा संच बाराचा आहे, इन्व्हर्टर चुकीचा दिलाय तुम्हाला. त्याने बाराचा बदलून दिला. वर म्हणाला, एवढी जाड वायर कशाला, बारीक न्या, वाकवायला सोपी.

पहिले दोन दिवस मशीन सुरेख चालली, कारण बॅटऱ्या दुकानातून भरूनच आल्या होत्या. मग ती कण्हायला लागली. रामकला एक बाही शिवी आणि मोटर दम टाके. बाया येऊन बसत, वाट पाहत आणि कापड परत घेऊन जात. कुणी भांडलं नाही, पण परत नेलेलं कापड परत येत नाही हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मॅडम रायपूरहून परतल्या त्या सकाळी बायकोने त्यांना अंगणातच गाठलं. धनलाल टेम्पो घेऊन टोल्यावर निघालाय, आज तो बहिणीला आणि मशीनला घेऊन जाणार. मॅडमनी बॅग आत टाकली, पर्स तशीच खांद्यावर ठेवली आणि मला म्हणाल्या, "गाडी काढा सर."

आम्ही पोचलो तेव्हा टेम्पो दारात होता. रामकला कात्री, टेप, बॉबिनी एका डब्यात भरत होती. मॅडम थेट कामाला लागल्या. माळावर जाऊन पॅनलपाशी मीटर लावला, मग परत येऊन घरातल्या टोकाला लावला. तिकडे व्होल्ट चांगले होते, इकडे येईपर्यंत चिखल. त्या बॅटऱ्यांपुढे उकिडव्या बसल्या आणि हळदकुंकवासकट सगळं पाहिलं. आवाज चढलाच. "हे कोण्या शहाण्यानं लावलं?"

धनलाल पुढे आला. घाबरला नव्हता, दुखावला होता. "तुमीच तं सांगतलं जी मॅडम. जोडी लाव म्हून."

"जोडी? ही काय जोडी हाये?"

"मंग कशी राह्यते जोडी? बैल काय एकामागं एक जुपतेत का?"

मॅडमनी बोटाने लाल वायर लालपर्यंत आणि काळी काळ्यापर्यंत चाचपत नेली. मला वाटलं आता त्या दुकानदारावर घसरतील, नाहीतर फोनच्या रेंजवर. तसं करायला जागा होती, आणि कुणी नाही म्हटलं नसतं.

"बरोबर लावली तू," त्या म्हणाल्या. "बैल बाजूबाजूनंच जुपतेत. तू नाही चुकला, बापू. माह्या शब्द चुकला."

मग रामकलाकडे वळून तेच पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल असं. चूक कबूल करायची तर तीही कुणापेक्षा कमी करायची नाही, असा तो थाट होता. मला त्या दिवशी त्यांचा जितका अभिमान वाटला तितका कुठल्या बोर्डाचं झाकण उघडल्यावर वाटला नव्हता.

"पण बाई तं आता निघून राहिली," धनलाल म्हणाला.

"दोन दिवस थांब. बॅटऱ्या पार उतरल्या हायेत, ऊन खाल्ल्याशिवाय उभ्या नाही राहणार. दोन दिवसानं मशीन नाही चालली तं घेऊन जा बहिणीले. आन् मी या तालुक्यात वायरीले हात नाही लावणार."

धनलालने बहिणीकडे पाहिलं. रामकलाने हातातला डबा खाली ठेवला. तेवढं त्याला पुरलं. जो टेम्पो तिला न्यायला आला होता तोच अर्जुनीला गेला, आणि चोवीसचा इन्व्हर्टर आणि जाड वायर घेऊन आला. मधल्या वेळात मॅडमनी पॅनलांवर गोधड्या टाकायला लावल्या, म्हणजे काम करताना त्यांतून करंट येऊ नये. मग त्या खाटेवर बसल्या आणि सगळी जोडणी धनलालच्या हातून करून घेतली.

"आता बैल इसर. गोंदियाचं टेसन आठव. आगगाडी कशी राह्यते? एका डब्याच्या मागं दुसरा डबा. या बॅटरीचा लाल त्या बॅटरीच्या काळ्यात. उरला एक लाल, एक काळा. बस, थेच दोन बाहेर काढ." पॅनलचीही आगगाडी झाली. प्रत्येक जोड त्याने केला आणि मॅडमनी ओढून पाहिला. इन्व्हर्टर लावायच्या आधी मीटरवर चोवीस दिसतात का ते त्यालाच वाचायला लावलं. गोधड्या निघाल्या. मशीनला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

ते दोन दिवस मॅडम विलक्षण गप्प होत्या. भिंतीपलीकडून एरवी बातम्यांवर चालणारी त्यांची टीका ऐकू येई, तीही बंद. आभाळ आलं की अंगणात येऊन वर पाहायच्या आणि आत जायच्या. फोन करून विचारा ना, असं मी म्हणालो, तर म्हणाल्या, "विचारन तं तिले वाटन मले भरवसा नाही." तिसऱ्या दिवशी दुपारी धनलालचाच फोन आला. त्याने नुसता फोन मशीनजवळ धरला होता. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला आणि भिंतीवर ठेवला. मी, बायको आणि मॅडम, तिघंही एका सरळ शिवणीचा आवाज शेवटपर्यंत ऐकत उभे होतो. मग मॅडम डोळे पुसून म्हणाल्या, "पाहा. मी म्हणत होती ना." जोडी हा शब्द मात्र त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून गेला. नवरा-बायकोलाही त्या नुसतं "दोघं" म्हणू लागल्या.

धनलालने पुढे आपल्या गावात दोन घरांना संच बसवून दिले. मॅडम त्याचा उल्लेख "माह्या विद्यार्थी" असा करत, त्याच्यासमोरही.

मी मॅडमना टोल्यावर शेवटचं पाहिलं ते पुढच्या लग्नसराईत. त्यानंतर त्या आजारी पडल्या आणि लेक त्यांना रायपूरला घेऊन गेली, तिथून त्या परतल्या नाहीत. त्या दिवशी मी बायकोला घेऊन रामकलाकडे गेलो होतो. ओसरीवर बायांची दाटी. आतून मशीनचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. त्या दाटीत भिंतीला टेकून, मांडीवर कापडाची पिशवी घेऊन कापगते मॅडम बसल्या होत्या.

एका बाईने त्यांना ओळखलं आणि आत हाक दिली, "रामकला, मॅडम आल्या जी. त्याईले पहिले घे ना."

मशीन थांबली नाही. रामकलाने मानही वर केली नाही. "पाहिलं मी. त्याईच्या आधी तिघीजणी हायेत. मंग त्या."

मी मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी पिशवी मांडीवर नीट केली, पाय पसरले, आणि शेजारच्या अनोळखी बाईकडून सुरू करून माझ्यापर्यंत सगळ्यांकडे एक नजर टाकली, बोर्डाचं झाकण उघडून पाहुण्याच्या "वा"ची वाट पाहताना टाकत तशी.

"ऐकलं का सर," त्या म्हणाल्या, "मले थांबवून राहिली ती. मले."